गॅरेजच्या भिंतीत कापूस भरायच्या आधी हे वाचा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत लिहितो म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच कळेल. शिकागोजवळ नेपरव्हिलला १९८४ चं दुमजली घर, दोन गाड्यांचं गॅरेज घराला चिकटून, किचन आणि गॅरेजच्या मध्ये २२ फुटांची कॉमन भिंत, आणि गॅरेजच्या डोक्यावर वरची बेडरूम जिथे आता बाळाचा पाळणा आहे. गॅरेज गरम करत नाही. किचनची ती भिंत हाताला गार लागते, वरच्या खोलीची जमीन बर्फासारखी, आणि फोडणी टाकताना चिमणी फुल स्पीडला लावली की पाच-दहा मिनिटांत पेट्रोलचा वास येतो. मिस्टरांनी सेलमध्ये गुलाबी कापसाचे (म्हणजे काचेच्या धाग्यांच्या इन्सुलेशनचे) दहा गठ्ठे आणून ठेवलेत आणि या वीकेंडला गॅरेजच्या तिन्ही बाहेरच्या भिंती, ज्यांचे स्टड (भिंतीतल्या उभ्या लाकडी पट्ट्या) उघडेच आहेत, त्या भरून टाकायचा बेत आहे. बरोबर ना?

तर ते गठ्ठे अजून फोडू नका. तुमच्या तिन्ही तक्रारींपैकी एकही त्याने सुटणार नाही.

मी मूळचा सांगलीचा, सिव्हिलचा डिप्लोमा करून इकडे आलो आणि गेली सतरा वर्षं शिकागोच्या सबर्ब्समध्ये हेच काम करतोय, लोकांच्या घरातली भोकं शोधायची आणि बुजवायची. गॅरेजच्या बाबतीत दर हिवाळ्यात हाच प्रकार बघतो. बाहेरच्या भिंतींचे स्टड उघडे दिसतात म्हणून माणसाचा हात आधी तिकडेच जातो, आणि खरा त्रास देणारी भिंत ड्रायवॉल (जिप्समची शीट) लावून व्यवस्थित दिसते म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही.

गरम न केलेलं गॅरेज म्हणजे घर नाहीच, ते अंगण आहे. छप्पर असलेलं अंगण. तुमच्या घराची उब जिथे थांबायला पाहिजे ती रेषा गॅरेजच्या बाहेरच्या भिंतीवर नाही, ती किचनच्या आणि गॅरेजच्या मधल्या भिंतीवर आहे आणि बाळाच्या खोलीच्या जमिनीखाली आहे. अंगणाच्या कुंपणाला कापूस लावून घर गरम होत नाही. त्यात तुमचं १६ फुटी गॅरेजचं दार, पातळ पत्र्याचं असणार, खालचं रबर कडक होऊन तुटलेलं, बाजूने बोट जाईल एवढी फट, ते दार तसंच ठेवून भिंतीत आर-१३ (आर म्हणजे उष्णता अडवायची ताकद, आकडा मोठा तेवढं चांगलं) भरलं तर काय होणार? गाडी आत आली तेव्हा इंजिनची जी गरमी येते ती थोडा जास्त वेळ टिकेल, बस.

आता वासाचं बघू कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटतेय. थंडीच्या दिवसात सगळं घर धुराड्यासारखं काम करतं. गरम हवा वर जाते, छतातल्या दिव्यांच्या भोकांतून, अ‍ॅटिकच्या (छपराखालच्या माळ्याच्या) झाकणातून निसटते, आणि जेवढी वरून गेली तेवढी खालून कुठूनतरी आत ओढली जाते. गावाकडे चुलीत खालून हवा घेतली की वरून धूर जातो ना, तेच. आता खालून म्हणजे कुठून, तर जिथे फट असेल तिथून, आणि चिकटलेल्या गॅरेजच्या भिंतीला फटी भरपूर असतात. त्यात तुम्ही चिमणी लावली की ती मिनिटाला ४००-५०० घनफूट हवा बाहेर फेकते, तेवढीच हवा घरात यायलाच पाहिजे, खिडक्या बंद, मग ती गॅरेजमधून येते आणि येताना पेट्रोलचा डबा, स्नोब्लोअर, रंगाचे डबे, सगळ्यांचा वास घेऊन येते. वास आला हे एका अर्थी बरं झालं, कारण त्याच वाटेने कार्बन मोनॉक्साइडही येतो आणि त्याला वास नसतो. गाडी थंड असताना सुरू केली की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत नीट काम करत नाही, म्हणजे सगळ्यात घाण धूर पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतच निघतो, नेमका गाडी गॅरेजात असताना. दार उघडं ठेवून गाडी आत गरम करत ठेवणं हा इथल्या निम्म्या लोकांचा सकाळचा कार्यक्रम असतो. तो आजपासून बंद. गाडी सुरू केली की लगेच बाहेर काढा, ड्राइव्हवेवर काय गरम करायची ती करा, आणि बाहेर काढल्यावर दार लावून घ्या.

आणि अलार्मबद्दल. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २००७ पासून झोपायच्या प्रत्येक खोलीपासून १५ फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइड अलार्म असणं कायद्याने लागतं, तो तुमच्याकडे असेलच. पण नेहमीचा अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) सुद्धा तासभर ते चार तास गेल्यावरच वाजतो, १५० ला दहा ते पन्नास मिनिटांत, ४०० ला चार ते पंधरा मिनिटांत. ७० च्या खाली तो गप्प बसतो. तान्हं बाळ गॅरेजवरच्याच खोलीत झोपतंय म्हणून सांगतो, कमी आकडेही दाखवणारा मॉनिटर मिळतो, तो घ्या आणि पाळण्याच्या खोलीत ठेवा.

थोडा हिशोब करू, म्हणजे मिस्टरांनाही पटेल. तुमची कॉमन भिंत २२ बाय ८, म्हणजे १७६ चौरस फूट. घरात ७० फॅरनहाइट, गॅरेजात ३०, फरक ४० चा. भिंत आतून पूर्ण रिकामी असेल तर दोन्ही बाजूंचं ड्रायवॉल आणि मधली हवा धरून आर साधारण साडेतीन येतो, म्हणजे तासाला २००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) जातात. नीट भरली तर स्टडचं लाकूड धरून आर ११ च्या आसपास, म्हणजे साडेसहाशेच्या खाली. वाचले तेराशे-चौदाशे. एक १५०० वॉटचा हीटर ५१०० बीटीयू देतो, त्याचा पाव भाग झाला. ठीक आहे, करण्यासारखं आहेच. पण त्याच भिंतीतून मिनिटाला नुसती ५० घनफूट हवा गळत असेल तर १.०८ गुणिले ५० गुणिले ४०, तासाला २१६० बीटीयू. म्हणजे अख्ख्या रिकाम्या भिंतीपेक्षा जास्त, आणि ५० घनफूट म्हणजे बाथरूमच्या छोट्या पंख्याएवढी हवा फक्त. कापूस हवा अडवत नाही हो, तो फक्त स्थिर हवेला धरून ठेवतो. लोकरीचा स्वेटर घालून स्कूटरवर बसलात तर वारा आरपार लागतो, वरून विंडचीटर लागतोच. आधी विंडचीटर, मग स्वेटर.

फटी शोधायच्या कशा? उदबत्ती. घरात असतेच. थंड आणि वाऱ्याचा दिवस बघा, सगळ्या खिडक्या लावा, चिमणी, सगळ्या बाथरूमचे पंखे आणि ड्रायर एकदम चालू करा, आणि उदबत्ती पेटवून किचनच्या भिंतीजवळून हळूहळू फिरवा. प्लगच्या खोक्यासमोर, जमिनीलगतच्या पट्टीच्या खाली, घरातून गॅरेजात जायच्या दाराच्या चारी कडांना, सिंकखाली पाईप भिंतीत जातो तिथे. धूर सरळ वर जायच्या ऐवजी खोलीत आडवा फेकला गेला की तिथे फट आहे, पेन्सिलीने खूण करा. हे फक्त घराच्या आतल्या बाजूने करायचं, पेटती उदबत्ती घेऊन गॅरेजात जायचं नाही, तिथे पेट्रोलची वाफ असते आणि ती जड असल्याने जमिनीलगत साचून राहते. एका घरात आजोबा उत्साहाने उदबत्तीचं घर हातात घेऊन थेट लॉनमोअरपाशी पोचले होते, मीच पळत जाऊन विझवली.

माझ्यासारखा माणूस आला तर तो ब्लोअर डोअर लावेल, म्हणजे मुख्य दारात पंखा बसवून घराचा दाब बाहेरपेक्षा ५० पास्कलने कमी करायचा. मग एक बारीक नळी घरातून गॅरेजात जायच्या दाराखालून गॅरेजात सरकवायची आणि घर व गॅरेज यांच्यातला फरक बघायचा. मीटरवर ५० च्या जवळ आकडा आला तर गॅरेज पूर्णपणे बाहेर आहे, म्हणजे आपल्याला हवं तसं. ३०-३५ आला तर समजायचं की गॅरेजची हवा घराशी गप्पा मारतेय. मागच्या हिवाळ्यात तुमच्यासारख्याच एका घरात ३४ होता, दोन दिवसांच्या कामानंतर ४७ झाला, आणि भिंतीत कापसाचा एक तुकडाही तोवर घातला नव्हता.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा, जी तुम्हाला दिसतच नाहीये. गॅरेजच्या छतावर, ड्रायवॉलच्या मागे, वरच्या खोलीच्या जमिनीचे जॉइस्ट (जमीन पेलणाऱ्या आडव्या लाकडी तुळया) आहेत. ते जॉइस्ट कॉमन भिंतीला काटकोनात जात असतील, आणि गॅरेजवर खोली असलेल्या बऱ्याच घरांत जातात, तर ते भिंतीवर थांबत नाहीत, तसेच पुढे किचनच्या छतावर जातात. दोन जॉइस्टच्या मधली जागा साडेचौदा इंच रुंद आणि सव्वानऊ इंच उंच, म्हणजे जवळजवळ एक चौरस फुटाचा बोगदा. २२ फुटांत असे सोळा बोगदे. सगळे मिळून १५ चौरस फूट, एका अख्ख्या दाराच्या पाऊण भाग. भिंतीच्या वर दार काढून ठेवल्यासारखं आहे ते. गॅरेजच्या छताला खालून ड्रायवॉल आहे म्हणून ते सरळ उघडं नाही, पण त्या ड्रायवॉलचे सांधे, दिव्याचं खोकं, दार उघडायच्या मोटरची वायर आणि बाहेरच्या टोकाला रिम जॉइस्टच्या (जॉइस्टची टोकं बंद करणाऱ्या कडेच्या फळीच्या) फटी, एवढ्यांतून थंड हवा जॉइस्टच्या पोकळीत शिरते आणि थेट किचनच्या छतावरून घरभर फिरते. बाळाच्या खोलीची जमीन गार का, तर कापूस आहे पण तो लोंबकळून खाली ड्रायवॉलवर झोपलाय आणि जमीन व कापूस यांच्या मधल्या दोन-तीन इंचांतून वारा वाहतोय. हे मी न बघता सांगतोय, तरी बहुतेक बरोबर निघेल.

उपाय असा. गॅरेजच्या आतून, कॉमन भिंतीला लागून छताच्या ड्रायवॉलची साधारण १८ इंचांची पट्टी लांबीभर कापायची. कापताना करवत खोल घालू नका, वर वायरी असतात, पाऊण इंचावर थांबा. कापूस बाजूला सारा, मग दोन इंच जाडीचा गुलाबी किंवा निळा फोम बोर्ड घ्या, आर-१० चा, आणि प्रत्येक बोगद्याच्या मापाने तुकडा कापा. माप प्रत्येकाचं वेगळं घ्यायचं, एकाचं माप घेऊन सोळा तुकडे एकदम कापले की पाच बसत नाहीत. तुकडा चारी बाजूंनी पाव-पाव इंच लहान ठेवा, भिंतीच्या टॉप प्लेटच्या (सगळ्यात वरच्या आडव्या लाकडाच्या) बरोबर वर उभा बसवा आणि कडेने फोमच्या कॅनने भरून घ्या. लोक घट्ट तुकडा ठोकून बसवतात आणि वरून फोमची रेघ मारतात, ती रेघ नुसती वर राहते, आत जातच नाही. फट ठेवली तरच फोम आत शिरून फुगतो. पाईप किंवा डक्ट (गरम हवा खोल्यांत नेणारी नळी) त्याच बोगद्यातून गेला असेल तर तुकडा दोन भागांत कापून पाईपाभोवती अर्धा-अर्धा जोडायचा. पण ते गॅसच्या वॉटर हीटरचं किंवा फर्नेसचं (घर गरम करायच्या भट्टीचं) धुराडं असेल तर फोम त्याच्या जवळ न्यायचा नाही, तिथे पत्र्याची चकती आणि उष्णतेला टिकणारा कॉक (फटीत भरायची पेस्ट) लागतो, आणि धुराड्यापासून जळणारी कुठलीही वस्तू त्याच्यावर छापलेल्या अंतराइतकी लांब.

हे झालं की पट्टी बंद करायच्या आधी त्याच वाटेने उरलेल्या बोगद्यांमध्ये सेल्युलोज (कागदाचा बारीक भुसा) दाबून भरून घ्या असं मी सांगेन. म्हणजे पूर्ण सव्वानऊ इंच गच्च, मशीनने, घनफुटाला साडेतीन पौंडांच्या आसपास, वरच्या लाकडाला टेकेपर्यंत. आर तिशीच्या पुढे जातो आणि लोंबकळायचा प्रश्नच राहत नाही. मशीन मोठ्या हार्डवेअर दुकानात भाड्याने मिळतं पण ते अ‍ॅटिकमध्ये सैल पसरायचं असतं, दाबून भरायला त्याचा जोर बऱ्याचदा पुरत नाही, म्हणून एवढं एक काम माणूस बोलावून करा. पट्टी परत लावताना वर झोपायची खोली आहे म्हणून छताला ५/८ इंचाचं टाईप एक्स (आग जास्त वेळ थोपवणारं) ड्रायवॉल लागतं, अर्ध्या इंचाचं चालत नाही. आणि सांध्यांना टेप आणि मड (सांधे भरायचा लेप). गॅरेज आहे, कोण बघतंय म्हणून सांधे उघडे सोडू नका, तुमच्या कॉमन भिंतीचे सांधे तसे उघडे आहेत असं तुम्ही लिहिलंयच. ड्रायवॉलचा सांधा म्हणजे दहा फुटांची फट, आगीलाही आणि हवेलाही.

खालची बाजू. भिंतीची सिल प्लेट (सगळ्यात खालचं आडवं लाकूड) काँक्रीटच्या कठड्यावर बसलेली असते आणि काँक्रीट कधीच सपाट नसतं, एका टोकाला कागद जात नाही आणि दुसऱ्या टोकाला करंगळी जाते. आधी व्हॅक्युमने धूळ साफ करा, नाहीतर कॉक धुळीला चिकटतं आणि महिन्याभरात शेंगेच्या टरफलासारखं सुटून येतं. पाव इंचापर्यंत पॉलियुरेथेन कॉक, त्याच्यापेक्षा मोठी फट असेल तर आधी फोमची दोरी आत दाबा मग कॉक. ड्रायवॉल जमिनीवर टेकवू नका, अर्धा इंच वर. गाडीवरचा बर्फ वितळून मिठाचं पाणी तिथेच साचतं आणि ड्रायवॉल ते चहात बुडवलेल्या खारीसारखं शोषून घेतं.

मग भिंतीतून आरपार जाणाऱ्या गोष्टी. गॅसची नळी, एसीची तांब्याची नळी, बाहेरचा नळ, इलेक्ट्रिक पॅनलच्या वायरी, दाराच्या बटणाची ती पांढरी बारीक वायर जिच्यासाठी कोणीतरी अंगठ्याएवढं भोक पाडून ठेवलंय. या भिंतीवर साधं कॉक किंवा पिवळा फोम नको, आगीला अडवणारा कॉक वापरा. तो नारिंगी रंगाचा फोम मिळतो ना, त्याच्या डब्यावर आगीचं चित्र असतं म्हणून लोकांना वाटतं तो जळत नाही. जळतो. लाकडी चौकटीतली फट बुजवून आगीची वाट अडवायला तो ठीक आहे, ड्रायवॉलच्या मागे. उघडा ठेवायचा नाही.

गॅरेजमधून घरात यायचं दार हे एक वेगळंच प्रकरण. ते भरीव लाकडाचं कमीत कमी १ ३/८ इंच जाडीचं किंवा २० मिनिटं आग थोपवणारं असायला लागतं. तुमच्या आधीच्या मालकाने त्यात कुत्र्यासाठी झडप बसवलीय असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ते दारच बदला, दुसरा काही इलाज नाही. नवीन दार घेताना चौकटीसकट घ्या, म्हणजे चारी बाजूंचं रबर कारखान्यातूनच बसून येतं. बसवल्यावर चौकटीत कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढून बघा, सहज निघाली तर दार दाबलं जात नाहीये, स्ट्राइक प्लेट थोडी आत सरकवा. आपोआप बंद होणारे स्प्रिंगचे बिजागर लावाच, किराणा आणताना हात भरलेले असले की ते दार तासभर उघडं राहतं.

फर्नेस गॅरेजात असेल तर मला आधी फोन करा, खरंच. रिटर्न डक्टला (घरातली हवा परत फर्नेसकडे नेणाऱ्या नळीला) फट असली तर पंखा गॅरेजची हवा ओढून घरभर वाटतो, त्याच्यापुढे भिंतीच्या फटी काहीच नाहीत. तुमच्याकडे नाहीये असं वाटतंय, पण नुसती डक्ट जात असली तरी तिचे सांधे मॅस्टिकने (डक्टसाठीच्या घट्ट लेपाने) लिंपून घ्या, कापडी डक्ट टेपने नाही, ती डक्ट सोडून बाकी सगळ्याला चिकटते. आणि गॅरेज थोडं गरम राहावं म्हणून कोणी डक्टला जाळी लावून ठेवली असेल तर ती बंद करा, घराच्या डक्टचं तोंड गॅरेजात उघडलेलं नियमातच बसत नाही.

एवढं झाल्यावर कापूस. कॉमन भिंतीत काही आहे का ते आधी बघा. ब्रेकर बंद करून प्लगची पट्टी काढा आणि खोक्याच्या बाजूच्या फटीतून प्लास्टिकची विणायची सुई आत घालून फिरवा, गुलाबी किंवा पिवळा धागा अडकून आला तर आहे. राखाडी-सोनेरी, अभ्रकासारखे चमकणारे खडे बाहेर पडले तर हात काढा आणि काहीही हलवू नका. ते व्हर्मिक्युलाइट असतं, बहुतेक मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून आलेलं, आणि ती खाण १९९० ला बंद होईपर्यंत त्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस असायचा. १९८४ च्या घरात सापडायची शक्यता कमी, पण जुन्या घरात राहणारं अजून कोणी हे वाचत असेल तर लक्षात ठेवा.

भिंत रिकामी निघाली तर दोन रस्ते. ड्रायवॉल नाहीतरी बिनटेपचं आणि फुगलेलं असेल तर उतरवून टाका, आणि स्टडमध्ये दगडी लोकरीचे बॅट (तयार कापलेले गादीसारखे तुकडे) बसवा, साडेतीन इंचात आर-१५ मिळतो, आगीला छान टिकतात, घट्ट बसतात आणि किचनमध्ये गॅरेजच्या दाराची खडखडही कमी येते. नाहीतर ड्रायवॉल ठेवून प्रत्येक दोन स्टडच्या मध्ये दोन इंचांचं भोक पाडून सेल्युलोज. मिस्टरांचा गुलाबी कापूस वापरायचा असेल तरी चालेल, त्यातले तीन-चार गठ्ठे या भिंतीला लागतील, फक्त कागदाची बाजू घराकडे. थंडीत उबदार जी बाजू, कागद तिकडे, आणि कागद ड्रायवॉलला टेकलेला पाहिजे, उघडा सोडलेला कागद भडकन पेटतो.

बॅट बसवणं सोपं वाटतं म्हणूनच नव्वद टक्के वेळा वाईट होतं. वायर आडवी आली की लोक बॅट वायरवरून दाबून बसवतात, मग वायरच्या मागे पोकळी राहते. बॅट वायरच्या उंचीवर मधून आडवं सोलायचं, चांगल्या भाकरीचा पापुद्रा जसा सुटतो तसं ते सुटतं, अर्धा वायरच्या मागे आणि अर्धा पुढे. प्लगच्या खोक्याजवळ खोक्याच्या जाडीएवढा चौकोन कापायचा पण मागचा थर ठेवायचा. उंचीला अर्धा इंच जास्त कापा म्हणजे वर-खाली घट्ट बसेल. कापायला ब्रेडची दातेरी सुरी सगळ्यात चांगली, नवीन आणा, स्वयंपाकघरातली नेऊ नका, यावरून आमच्याकडे दोन दिवस अबोला होता. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क, चष्मा, आणि ते कपडे बाळाच्या कपड्यांबरोबर धुवू नका, खाजकुइली लागल्यासारखं होतं.

बाहेरच्या तीन भिंतींचं उरलंच. पुढेमागे तिथे वर्कशॉप करायचं असेल, कायम गरम ठेवायचं असेल, तरच त्यात पैसे घाला, आणि मग सगळं करा: इन्सुलेटेड दार, चारी कडांचं रबर, भिंती, अ‍ॅटिकखालचं उरलेलं छत, कागद गॅरेजच्या आतल्या बाजूला आणि वरून ड्रायवॉल. त्याआधी सायडिंगच्या (भिंतीच्या बाहेरच्या आवरणाच्या) मागे कुठे पाणी येतंय का ते स्टडवरचे काळे डाग बघून ठरवा. आता पाणी येतं आणि उघड्या हवेने वाळून जातं, कापूस भरला की वाळायचं बंद होतं आणि पाचेक वर्षांनी स्क्रूड्रायव्हर लाकडात लोण्यासारखा जातो. उष्णतेसाठी छोटा मिनी-स्प्लिट (गरमही करणारा स्प्लिट एसी) लावा. प्रोपेनचा बिनधुराड्याचा हीटर नको, आणि हो, आपल्या लोकांचा आवडता प्रकार, मासे तळायला गॅरेजात ठेवलेली दुसरी शेगडी, ती पण सिलिंडरसकट बाहेर पॅटिओवर. वासासाठी बाहेर नेलीत ना, मग पूर्ण बाहेर न्या.

स्प्रे फोमवाला येऊन सगळी भिंत फवारून देतो म्हणेल. रिम जॉइस्टसाठी तो उत्तम आहे, आख्ख्या कॉमन भिंतीसाठी तुमच्या केसमध्ये महाग पडतो, आणि केलाच तर त्याच्यावर अर्ध्या इंचाचं ड्रायवॉल लागतंच. मोंटगोमेरी का ऑरोराच्या बाजूला एका गॅरेजात फवारून तसाच उघडा सोडलेला बघितला, खाली पेट्रोलचे दोन डबे.

एक धोका मात्र या सगळ्या कामाने वाढू शकतो. घर घट्ट झालं आणि चिमणी तेवढीच जोरात ओढत राहिली, तर हवा आता दुसरीकडून येणार, आणि तुमचा वॉटर हीटर जुन्या पद्धतीचा, वर उघडं धुराडं असलेला असेल तर त्याचा धूर उलटा घरात येऊ शकतो. म्हणून काम झाल्यावर सगळे पंखे चालू करून, वॉटर हीटर पेटवून, धुराड्याच्या तोंडाशी धूर आत ओढला जातोय की बाहेर येतोय हे तपासायचं, घराची अशी तपासणी करणारा ऑडिटर हे दहा मिनिटांत करून देतो. चिमणी ४०० सीएफएमच्या (मिनिटाला ४०० घनफुटांच्या) वरची असेल तर बाहेरून हवा आणायची वेगळी सोय नियमाने लागते, इथल्या बऱ्याच रिमॉडेल केलेल्या किचनमध्ये ती केलेलीच नसते. तोवर फोडणीच्या वेळी सिंकवरची खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, वास आजपासूनच कमी होईल. ३० जानेवारी २०१९ ला ओहेअरला उणे २३ फॅरनहाइट होतं, तसला दिवस असेल तर मात्र त्या दिवशी फोडणीच्या ऐवजी दहीभात करा.

खर्चाचं विचारलंत म्हणून, अशा कामांवर फेडरल सरकारची जी ३० टक्के टॅक्स क्रेडिट होती ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, कोणी अजून तिच्या नावावर काम विकत असेल तर सावध. गॅस कंपनीच्या रिबेटची चौकशी मात्र करा, ती काम सुरू करायच्या आधी करावी लागते.

मिस्टरांना सांगा चार गठ्ठे ठेवा, सहा पावतीसकट परत करा, आणि त्या पैशांत दोन इंची फोम बोर्डाचे तुकडे, कॉकच्या नळ्या आणि तो मॉनिटर येईल. छताची पट्टी कापली की बंद करायच्या आधी तीन-चार बोगद्यांचे फोटो टाका, जॉइस्ट कोणत्या दिशेला जातायत आणि आत डक्ट आहे का ते बघून पुढचं सांगतो.